भरतेशअण्णाचा वन्समोअर

संगीत नाटकातल्या नटाला मानधन मिळालं नाही तरी चालतं, जेवण थंड आलं तरी चालतं, पण जन्मात एकदा वन्समोअर मिळावा लागतो. पद संपतं, टाळ्या पडतात, अंधारातून कुणीतरी ओरडतं, ‘वन्समोअर!’ मग नटाने हात जोडायचे आणि तेच पद पुन्हा पहिल्यापासून म्हणायचं. त्याला नाही म्हणायची रीत नाही. आमच्या भरतेशअण्णाला तो कधीच मिळाला नव्हता.

अण्णाचं आष्ट्याला भांड्यांचं दुकान. मी सांगलीत ऑर्गन वाजवतो, आणि अण्णा तरुणपणापासून माझ्या सुरावर गात आला. गळा खरा गोड. पण उंची बेताची आणि चेहरा असा, की दोनदा भेटला तरी लक्षात राहू नये. त्यामुळे वाट्याला कायम राजाचा दूत किंवा नायकाचा मित्र आणि एखादं छोटंसं पद. तेवढ्यातच लोक चहाला उठायचे. मला त्या लोकांचा भयंकर राग यायचा. अण्णा मात्र हसून म्हणायचा, “नानासो, त्यांनाबी तहान लागतीया की.” स्वतः तो सूर्य मावळल्यावर पाण्याचा थेंबही घेत नसे, जैनाचा नेम. रात्रीच्या प्रयोगात उपाशीपोटी आणि कोरड्या घशाने गायचा.

दोन वर्षांपूर्वी शिवतेजने नवं संगीत नाटक लिहायला घेतलं. तरुण, हुशार आणि स्वतःला जरा जास्तच हुशार समजणारा पोरगा. नाटक होतं तासगावच्या प्रोफेसर दिलावरवर. एकेकाळी ह्या जादूगाराचा तंबू लागला की गावोगाव लोक बैलगाड्या जुंपून यायचे. त्याचा एक खेळ तर म्हातारी माणसं अजून सांगतात. मुलगी पेटाऱ्यात बसते, पेटारा बंद होतो, बँड वाजतो, बँड थांबतो, पेटारा उघडावा तर रिकामा, आणि मुलगी प्रेक्षकांच्या मागून हसत येते. हे कसं व्हायचं, ते दिलावर गेला तरी कुणाला कळलं नाही.

दिलावरची लेक परवीन तासगावातच राहते. नवऱ्याचं बेदाण्याच्या बॉक्सचं दुकान आहे. लहानपणी पेटाऱ्यातली मुलगी तीच असायची. शिवतेज, अण्णा आणि मी तिच्याकडे गेलो, तेव्हा तिने पेटारा द्यायचं कबूल केलं, पण एका अटीवर. “अब्बांची आमाला दुसरी इस्टेट न्हाई. ही एक गोष्ट कुणालाच कळली न्हाई, एवढंच हाय. ती कळता कामा नये.” मग ती अण्णाकडे बघत राहिली. “ह्यांनाच अब्बा करा. अब्बा असंच होतं. टोपी काढली की कुणी वळखायचं न्हाई.”

अशी अण्णाला नायकाची भूमिका मिळाली. आष्ट्यात त्याने पेढे वाटले.

वर्षभर तालमी चालल्या. शिवतेज रोज काहीतरी खोडायचा, रोज नवीन लिहायचा. पहिला अंक तीनदा बदलला. जादूगाराने गावं का, यावर तर इतकी भांडणं झाली की दोन नट सोडून गेले. शेवटी ठरलं, पेटाऱ्याच्या खेळाला बँडऐवजी पद ठेवायचं. ‘मिटता डोळे गेलीस कुठे’. चाल अण्णाने स्वतः बांधली, किरवाणी रागात. तालमीत पहिल्यांदा म्हटली तेव्हा माझे हात पट्ट्यांवरच थांबले.

पेटाऱ्यात परवीनची मुलगी शिफा बसणार होती. सांगलीत कॉलेजला होती, अंगाने काटकुळी आणि चपळ. परवीन दर रविवारी येऊन तिला शिकवायची. पेटाऱ्याची मागची फळी सुटायची. शिफाने त्यातून मागच्या काळ्या पडद्याआड निसटायचं, बोळातून पळत जाऊन प्रेक्षकांच्या दाराशी यायचं. “गाणं थांबलं, टाळ्या वसरल्या की दारातनं आत ये,” परवीन बजावायची, “आन् थांबलेलं गाणं पुन्ना सुरू झालं, तर समज काईतरी चुकलंय. मागनं पळत ये आन् पेटाऱ्यात बस. अब्बांचा बँड अशीच खूण द्यायचा.”

हे आम्ही सगळ्यांनी ऐकलं होतं. मी, शिवतेज आणि अण्णाही. संगीत नाटकात पद पुन्हा कधी सुरू होतं, हे आम्हाला सांगायला नको होतं. तरी कुणाच्या डोक्यात आलं नाही. का, तर भरतेशअण्णाच्या पदाला वन्समोअर मिळेल असं आमच्यापैकी एकालाही वाटलं नव्हतं. अण्णालासुद्धा नाही. या गोष्टीचं मला अजून इतकं वाईट वाटतं की शिवतेज कधी सांगलीत आला आणि रस्त्यात दिसला तर मी बाजू बदलतो.

सांगलीत पहिला प्रयोग झाला. थिएटर बऱ्यापैकी भरलं होतं. अण्णाची बायको सुंदरीवहिनी पुढच्या रांगेत होती. दुसऱ्या अंकात शिफा पेटाऱ्यात बसली, झाकण पडलं आणि अण्णाने पद उचललं. त्या रात्री तो कसा गायला हे मी सांगू शकत नाही. कुणी चहाला उठलं नाही. शेवटची तान समेवर आली. मग टाळ्या. मग पुढच्या रांगांतून एक म्हातारा आवाज आला, ‘वन्समोअर!’ मग दुसरा, मग सगळं थिएटरच.

अण्णाने माझ्याकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मी मान हलवली आणि सूर धरला. त्याने हात जोडले, डोळे मिटले आणि पद पहिल्यापासून सुरू केलं.

तिकडे प्रेक्षकांच्या दाराबाहेर शिफा आणि परवीन उभ्या होत्या. शिफाचा हात दाराच्या कडीवर होता. परवीनने उभ्या जन्मात संगीत नाटक पाहिलं नव्हतं. गाणं पुन्हा सुरू झालं, तशी तिने शिफाला मागे ढकललं. “चुकलंय! पळ!”

पोरगी जिवाच्या आकांताने पळाली. अंधाऱ्या बोळातून आली, पडद्याआडून उघड्या फळीत घुसली. पेटाऱ्याला चाकं. धक्का बसला तसा तो पुढे गडगडत आला, आडवा फिरला, आणि लटकणाऱ्या फळीतून शिफा रंगमंचावर तोंडावर पडली. फळी, बिजागरी, मागचं भोक, सगळं लख्ख उजेडात. अण्णा डोळे मिटून गातच होता. लोक हसायला लागले तेव्हा त्याने डोळे उघडले.

त्याच रात्री कुणीतरी मोबाईलवर घेतलेलं चित्रण गावोगाव फिरलं. तासगाव, कुंडल, आष्टा, जिथे जावं तिथे लोक तेच बघत होते. ‘दिलावरची जादू उघडी पडली’ असं त्यावर लिहिलं होतं. त्यात अण्णाचा आवाज आहे, पण हसण्याच्या खाली. ज्यांनी पुढच्या प्रयोगांचे पैसे कबूल केले होते त्यांनी फोन उचलणं बंद केलं. शिवतेज पुण्याला मालिका लिहायला गेला. शिफाचं मनगट मोडलं होतं, ते जुळलं. कॉलेज मात्र तिने सोडलं, वर्गात शिरली की पोरं ते पद म्हणायची.

मग अण्णा आणि मी टेम्पोत घालून पेटारा परत द्यायला तासगावला गेलो. परवीन दारात आली. मला वाटलं होतं ही शिव्या घालेल, आणि घालाव्यात असंही वाटत होतं. तिने पेटाऱ्यावर हात फिरवला. “आता नुसतं लाकूडच की वं हे,” म्हणाली. चहा ठेवते म्हणाली. अण्णाने हात जोडले, दिवस बुडाला होता.

मग परवीन म्हणाली, “अण्णा, त्या दिवशी मी दाराभाईर हुते. गाणं कुठं थांबतंय, तेवढ्यावरच कान. गाणं आयकलंच न्हाई. अब्बांवरचं गाणं. एकदा म्हणा की.”

अण्णा मान खाली घालून बसला. मग त्याने घसा साफ केला आणि हळूच सूर लावला. ‘मिटता डोळे...’

आत भांडं पडल्याचा आवाज झाला. शिफा धावत बाहेर आली. कोपरापर्यंत पीठ, श्वास चढलेला. ती पेटाऱ्याच्या मागच्या बाजूला जाऊन पोचलीसुद्धा. मग थांबली, आमच्या तोंडाकडे पाहिलं, आणि आत निघून गेली.

अण्णाने पद तिथेच सोडलं.

“म्हणा की फुडं,” परवीन म्हणाली. “अण्णा, परत म्हणा.”

अण्णा उठला. त्याने चपला घातल्या.

“न्हाई परवीन,” तो म्हणाला. “परत न्हाई.”