कोरड्यांची पहिली वही

नाशिकरोडच्या फलाटावर गाडीची वाट बघताना मी पिशवी चार वेळा उघडून पाहिली. दहाही वह्या आणि माझी रेखाटनं जागेवर होती. तरी पाचव्यांदा पाहिली. प्रज्ञाचा त्या सकाळी आलेला निरोप डोक्यातून जात नव्हता : "परवा सकाळी दहाला बाबांना नागपूरला नेणार. मेंदूचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले, नंतर बोलता येईलच असं सांगता येत नाही. तुम्हाला यायचं असेल तर आत्ताच या."

प्रज्ञा बाभुळगावला प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. मी मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते. शिक्षकांच्या एका शिबिरात आमची ओळख झाली आणि तिनं मला वडिलांच्या वह्या दाखवल्या. नामदेवराव सरकारी कचेरीत लिपिक होते. रोज संध्याकाळी घरी आल्यावर ते मुलीसाठी एका देशाची गोष्ट लिहीत. देशाचं नाव सातबांध. त्याच्याभोवती मातीचे सात बांध, आत माणसं, आणि बाहेर कोरडे. कोरडे म्हणजे राक्षस. ते माणसं खात नाहीत. ओल पितात. विहीर पितात, गाईच्या सडातलं दूध पितात, पानातला रस पितात.

मी वर्षभर त्या वह्यांमध्ये गुंतले होते. शंभरेक रेखाटनं झाली होती. पण वह्या दुसऱ्यापासून अकराव्यापर्यंतच होत्या. कोरडे आले कुठून? वर्षातला एक दिवस ते बांधाकडे फिरकत नाहीत, तो का? प्रज्ञानं लहानपणापासून विचारलं, आणि उत्तर नेहमी एकच मिळालं : "ते पहिल्या वहीत हाय." पहिली वही मात्र घरात कुणी पाहिलेली नव्हती.

सकाळी बडनेऱ्याला उतरले. माझी गाडी बाभुळगावजवळच्या धामणगावला थांबत नव्हती, म्हणून इथून यवतमाळची बस. डिसेंबरचं ऊन कोवळं होतं. दोन्ही बाजूंना तुरी पिवळ्या फुलल्या होत्या, आणि कापसाच्या गाड्या जाऊन जाऊन रस्त्याकडेच्या बाभळींच्या काट्यांना पांढरे पुंजके लागले होते. एरवी मी वही काढली असती. त्या दिवशी फक्त घड्याळ बघत होते.

नेरच्या अलीकडे बसनं एक लांब आवाज केला आणि ती थांबली. ड्रायव्हर खाली वाकून बराच वेळ काहीतरी बघत राहिला. मग वर येऊन म्हणाला, "उतरा बापा समदे. गाडी नाई चालत आता." आम्ही पाठीवर सामान घेऊन नेरच्या स्टँडपर्यंत चालत गेलो. पुढची बस कधी, हे कुणालाच नक्की माहीत नव्हतं. बाजाराचा दिवस असावा. कापसानं भरलेल्या गाड्यांची रांग रस्ता अडवून उभी होती.

टपरीवर तर्रीपोहे (पोह्यांवर हरभऱ्याचा लालभडक, तिखट रस्सा) घेतले. दोन घास खाल्ले आणि ताटली बाजूला ठेवली. बाजूला बसलेल्या म्हाताऱ्या बाईंनी माझ्याकडे पाहून विचारलं, "काहून वं बाई, खाऊन नाई राह्यली? तिखट लागलं काय?"

"नाही आजी. उशीर होतोय. एक माणूस आजारी आहे."

"तुह्या घरचं कोनी?"

ज्या माणसाला मी एकदाही भेटले नव्हते, त्याच्यासाठी मी सकाळपासून धावत होते. "हो," म्हणाले. बाईंनी आपल्या पदरातली दोन संत्री माझ्या पिशवीत टाकली. "देजो त्यायले," म्हणाल्या.

तीन तासांनी बस मिळाली. यवतमाळला ती बदलून बाभुळगावला पोहोचेपर्यंत दिवस मावळला होता. प्रज्ञा स्टँडवर उभी होती. तिचा चेहरा पाहूनच मी विचारलं, "झोपले?"

"आत्ताच. गोळीनं झोप येते त्यांना. दिवसभर तुमची वाट पाहिली. चार वेळा विचारलं, बाई आल्या काय म्हणून." मग थोडं थांबून म्हणाली, "आज दोनदा ते माझं नाव चुकले. आईच्या नावानं हाक मारली."

घर दोन खोल्यांचं, नीटनेटकं. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली प्रज्ञाच्या आईचा फोटो. जेवायला पातोडीचा रस्सा (बेसनाच्या वड्या तिखट रश्श्यात सोडलेल्या) आणि ज्वारीची भाकर होती. आम्ही दोघी आवाज न करता जेवलो. आतल्या खोलीतून नामदेवरावांच्या श्वासाचा आवाज येत होता, आणि तो जरा लांबला की आम्हा दोघींचे हात थांबत.

सकाळी सातला डोळे उघडले तर नामदेवराव अंगणात खुर्चीवर बसलेले. अंगावर शाल, कानाला मफलर, समोर त्यांच्या दहा वह्या आणि माझी रेखाटनं. प्रज्ञानं माझ्या पिशवीतून काढून दिली असावीत. चणीनं बारीक माणूस. डोळे मात्र मोठे आणि सावध.

"चित्रं पाह्यली तुमची," ते म्हणाले. "कोरड्यायचे हात लांब काढले तुमी. बरोबर हाय. मी तसं लिवलं नोतं, पन बरोबर हाय."

मी समोर बसले आणि फोन काढून रेकॉर्डिंग सुरू केलं. त्यांनी लगेच हात वर केला.

"ते बंद करा. ऐका फक्त. ध्यानात राह्यलं तर लिवा."

माझी स्मरणशक्ती काही फार चांगली नाही. पण फोन बंद केला. प्रज्ञा चहाचे कप घेऊन आली आणि उंबऱ्यावर बसली.

"पह्यली वही जाळली मी," नामदेवराव म्हणाले. "चुलीत. इच्या मायनं वाचली अन् म्हनली, हे पोरीच्या हातात नका देऊ. मी तवाच जाळली."

मग ते सांगू लागले. मधेच एखादा शब्द सापडत नसे. तेव्हा ते डोळे मिटून थांबत, आणि आम्ही दोघी तो शब्द सापडावा म्हणून वाट बघत असू. दोनदा मला वाटलं, संपलं, आता पुढचं येणार नाही. दोन्ही वेळा ते परत आले.

गोष्ट अशी. आधी बांध नव्हते. काळी जमीन होती, तिच्या पोटात पाणी होतं, आणि पाण्याच्याही खाली कोरडे होते. पाणी हेच त्यांच्यावरचं झाकण. वरच्या माणसांना ते माहीत नव्हतं. त्या देशात दोन भाऊ विहिरी खणत. तीन वर्षं पाऊस नव्हता आणि विहीर खोल खोल जात होती. एके दिवशी धाकटा खालून ओरडला, "दादा, अथी खाली कोनी तरी श्वास घेऊन राह्यलं." थोरला काठावरून म्हणाला, "वारा असन. अजून एक हात खन." धाकटा म्हणाला, "मले भेव लागते." थोरला म्हणाला, "नाटकं करू नको."

धाकट्यानं पहार मारली. पाण्याचा शेवटचा पापुद्रा फुटला आणि कोरडे वर आले.

"त्यायनं पह्यले इहीर पेली," नामदेवराव म्हणाले. "मंग दूध. मंग मान्सायच्या डोळ्यातलं पानी. घरोघरी मयत झाली, पन कोनाले रडता येईना. डोळेच कोरडे. बिना रडल्याचा गाव कसा दिसते, ठाव हाय तुमाले?"

मी मान हलवली. नाही.

"धाकला वर आलाच नाई. तो खाली राह्यला. वर्षातून एक दिवस तो त्या तोंडावर आडवा होते, अन् कोनाले वर येऊ देत नाई. मनून त्या दिवशी कोरडे बांधाकडे येत नाईत. त्या दिवशी इहिरीतून हाक येते. दादा, दादा. थोरला काठावर बसून ऐकते. वो देत नाई."

शेजारच्या घरी कुणीतरी हापसा मारत होतं.

"इथंच संपली होती वही," ते म्हणाले.

प्रज्ञानं कप खाली ठेवला. "बाबा, सिदूकाका तापानं गेलते ना?"

सिदू म्हणजे सिद्धार्थ, नामदेवरावांचा धाकटा भाऊ, हे मला तेव्हाच कळलं. नामदेवरावांनी शालीचा काठ बोटांत धरून सोडला, पुन्हा धरला.

"फुलसावंगीच्या वावरात आपली इहीर होती," ते म्हणाले. "उन्हाळ्यात गाळ काढाले उतरलो आमी. म्हनजे तो उतरला. मी वर दोर धरून. तो म्हने, दादा, खाली दम लागून राह्यला, वर घे. मी म्हटलं, कामाचं आलं की तुह्यं असंच. अर्धा गाळ राह्यला, तेवढा काढ. मंग त्याचा आवाज आला नाई. खाली खराब हवा होती, हे मागून कळलं. लोकायनं त्याले वर काढलं तवा..." त्यांनी मान फिरवली. "मायनं मले कधी इचारलं नाई. मेली तवरी नाई. कोनीच नाई इचारलं. तापानं गेला हे मीच तुले सांगतलं, तुह्या मायले बी. ते वही वाचल्यावर तिले कळलं."

प्रज्ञा उठून आत गेली. आतून भांड्याचा आवाज आला, मग तोही थांबला. मला तिथून उठून जावंसं वाटत होतं आणि जागचं हलवत नव्हतं. ज्या गोष्टीसाठी मी वर्षभर मागं लागले होते, ती हाती आली होती आणि ती या घराच्या मध्यभागी पडली होती. आता ही मुलगी वडिलांशी बोलली नाही तर? नऊ वाजून गेले होते.

प्रज्ञा परत आली. डोळे लाल. ती खुर्चीजवळ खाली बसली.

"मले चाळीस वर्षं खोटं सांगतलं तुमी."

"हो."

"थोरला वो काहून देत नाई, बाबा?"

"काय म्हनन तो? काय तोंडानं म्हनन?"

"जे खरं हाय ते म्हनन. तुमी आता मले सांगतलं ना? तसंच."

नामदेवराव माझ्याकडे वळले. "लिवा, बाई."

मी घाईघाईनं पेन काढलं. ते कचेरीत मजकूर सांगावा तसे एकेक वाक्य सुटं करून सांगू लागले.

"थोरला दरसाल बांध घाली. पन माती कोरडी. रचली की ढासळे. एका वर्षी हाक आली तवा तो इहिरीत वाकला अन् म्हनला, सिदू, चूक माही होती. तू सांगतलं होतं, मी ऐकलं नाई." माझं पेन थांबेपर्यंत ते थांबले. "त्याच्या डोळ्यातून पानी आलं. देशातलं पह्यलं. ते मातीत पडलं. त्या मातीचा बांध मात्र उभा राह्यला. पह्यला बांध."

गोष्टीतल्या धाकट्याला तोवर नाव नव्हतं. ते त्यांनी आत्ताच दिलं होतं, आणि त्यांच्या लक्षातही आलं नसावं.

दहाला जीप आली. मला वर्ध्याहून परतीची गाडी होती म्हणून मीही तिच्यात बसले. बेंबळा नदीवरचा पूल ओलांडला, कळंब मागं पडलं. नामदेवराव खिडकीतून शेतं बघत होते. मी संत्रं सोलून त्यांना दिलं. त्यांनी दोन फोडी खाल्ल्या. देवळीच्या अलीकडे अचानक त्यांची मान एका बाजूला कलली, उजवा हात थाडथाड उडू लागला, ओठातून फेस आला. प्रज्ञानं ओरडून जीप थांबवली. आम्ही दोघींनी त्यांना कुशीवर वळवलं. ती त्यांच्या कानाशी "बाबा, मी हाय, बाबा, मी हाय," एवढंच म्हणत होती. मिनिटं किती गेली मला सांगता येणार नाही. ड्रायव्हर रस्त्यावर उभा राहून उगाच येणाऱ्या गाड्यांना हात करत होता. मग नामदेवरावांचा हात थांबला. त्यांनी डोळे उघडले, पण ओळख नव्हती त्यात. वर्ध्याच्या चौकात मला उतरवलं तेव्हाही नव्हती. प्रज्ञानं काचेतून हात हलवला आणि जीप गेली.

परतीच्या गाडीत मी सगळं लिहून काढलं. जेवढं आठवलं तेवढं, त्यांच्याच बोलीत. बडनेरा गेलं, अकोला गेलं. एखादं वाक्य निसटलं असेल या भीतीनं मी तीच पानं पुन्हा पुन्हा वाचत होते.

ऑपरेशन झालं. प्रज्ञाचा फोन तिसऱ्या दिवशी आला. जीव वाचला होता, उजवा हात चालत नव्हता, बोलणं एकेका शब्दाचं. मी लिहिलेली पानं तिला पाठवली होती. महिन्याभरानं, घरी आणल्यावर, तिनं ती त्यांना वाचून दाखवली. त्या सकाळचं त्यांना काहीच आठवत नव्हतं. मी येऊन गेल्याचंही नाही. थोरला विहिरीत वाकून बोलतो त्या ओळीपाशी त्यांनी डाव्या हातानं तिचं मनगट धरलं.

"हे तुले कोनं सांगतलं?"

"तुमीच, बाबा."

त्यांनी मनगट सोडलं. मग म्हणाले, "बरं झालं."

मी अनेक गावं पाहिली आहेत आणि प्रत्येक वेळी काहीतरी घेऊन परतले आहे. या वेळी घरी आल्यावर कितीतरी दिवस मला पेन्सिल धरवली नाही. वर्षभर मी कोरड्यांची चित्रं काढत होते, लांब हात, पोकळ पोटं, आणि त्यांना भीत नव्हते, कारण ते कागदावर होते. बाभुळगावच्या त्या अंगणात मी त्यांना एका घरात बसलेलं पाहिलं. सकाळच्या उन्हात, चहाच्या कपांच्या मधोमध. काल पहिल्या वहीचं पहिलं चित्र पुरं झालं. त्यात राक्षस नाहीत. काठावर वाकलेला एक माणूस आहे, त्याचं तोंड उघडं आहे, आणि खाली काळोखात कुणीतरी ऐकतं आहे.