खंडेनवमीचा फोटो

गेल्या महिन्यात एका सोमवारी सकाळी अकराला माझ्या पेटंटची सुनावणी झाली. चाकणच्या वर्कशॉपमध्ये लॅपटॉपपुढे मी आणि बायको, पडद्यावर घरून काम करणाऱ्या सरकारी अधिकारी बाई. पूर्वी यासाठी मुंबईला जाऊन दिवस मोडायचा. आता वीस मिनिटांत उरकणार होतं, आणि मला त्या वीस मिनिटांचीच धास्ती होती.

अर्ज करण्याच्या नऊ दिवस आधी खंडेनवमी होती. तीन वर्षं खपून केलेल्या, यंत्रावर सुटा भाग घट्ट धरून ठेवणाऱ्या नव्या क्लॅम्पची पूजा केली आणि फोटो फेसबुकवर टाकला. अर्जाआधी चारचौघांत दाखवलेली वस्तू नवी धरत नाहीत, हे मला फार उशिरा कळलं.

"अर्जाआधी हे कुठे दाखवलंत का?" बाईंनी विचारलं.

"आता सगळं ओकू नका," बायको कुजबुजली.

मी म्हणालो, "दाखवलं, मॅडम. पूजेचा फोटो टाकला होता."

"त्यात आतली रचना दिसते?"

"हाराने अर्धी झाकलीय. अर्धी दिसते."

बाईंनी ते टाइप करून घेतलं. मग त्या म्हणाल्या, "फोटो पंधरा दिवसांत पाठवा."

तो मी मोठा करून दोनदा पाहिला आणि त्याच दुपारी होता तसा पाठवला. उत्तर अजून आलेलं नाही.