सौभाग्यवतीच्या नावाची हळद

"कोनी दलली गो ही हलद?"

नवरीच्या आत्यानं मांडवात सगळ्यांसमोर विचारलं. मी म्हणाले, मीच. हळकुंडं निवडून, उन्हात वाळवून, गिरणीवर उभी राहून दळून आणलेली. बदलापूरजवळच्या गावातलं लग्न. ऑर्डर त्यांनीच फोनवर दिलेली. तिनं माझ्या मोकळ्या गळ्याकडे पाहिलं. मग पिशवी पायानं माझ्याकडे सरकवली.

"रांडमुंड बाईच्या हातची हलद माझे पोरीला लावू? ने ती."

डीजे चालू होता, तरी सगळ्यांना ऐकू गेलं. हळदीला तिचा पाय चालला, माझा हात नाही चालला. पिशवी उचलून मी रिक्षा स्टँडपर्यंत चालत आले. रडू नाही आलं. दमले होते नुसती.

नवरा आनंदनगरच्या कंपनीत होता. तो गेला, पगार गेला. मला येत होतं ते मी सुरू केलं, मसाला आणि हळद. मसाल्याचं कोणी काही विचारत नाही. मटणात घातला की विधवेचा मसालाही लालच दिसतो! पण आमच्यात खरा धंदा लग्नाच्या हळदीचा, आणि तिथंच माझं दार बंद.

उल्हासनगरला कॅम्प एकमधल्या दुकानदाराकडे गेले. माणूस वाईट नव्हता. चहा मागवला, हळद बोटावर चोळून बघितली. म्हणाला, "दीदी, माल एक नंबर है. लेकिन शादीवाले पूछते हैं किसने बनाई. पॅकेट पे किसी सुहागन का फोटो डालो, मैं कल से रखता हूँ."

मला स्वतःची चक्की घ्यायची होती. त्यासाठी कर्ज हवं होतं. अंबरनाथला बँकेतल्या साहेबांनी माझे कागद उघडलेच नाहीत.

"मिस्टरांना घेऊन या."

वारलेत, म्हटलं.

"मग घरातले कोणी जेन्ट्स?"

दिराला घेऊन गेले. करते काय? दीर खुर्चीत बसला, मी मागं उभी. माझ्याच धंद्याचं बोलणं, पण साहेब एकदाही माझ्याकडे बघेनात. शेवटी दीर म्हणाला, "सही मी करतो. पन धंद्याला नाव माझे बायकोचा. सवाष्ण हाय ती, पाकिटावर फोटो पन तिचाच. वैनी आत काम करील."

"हे बरं झालं," साहेब हसले. "सगळंच सुटलं."

जाऊ माझी गरीब स्वभावाची, तिच्यावर राग नाही. पण तिनं कधी हळकुंड हातात धरलेलं नाही. कपाळावर कुंकू आहे, झालं.

साहेबांनी पेन काढलं. जावेचं नाव विचारलं. इतके दिवस मान खाली घालून ऐकत होते, तेव्हा मात्र तळपायाची आग मस्तकात गेली.

"नवरा मेला, मी नाही मेले," मी म्हणाले. "माझं नाव लिहा, नाहीतर कर्ज नको."

"येडी झालीस का वैनी? तुझे नावावर विकल कोन?"

"मी विकीन."

कर्ज मिळालं नाही. दीर बोलत नाही. अजून दुसऱ्यांच्या गिरणीवर रांग लावते, खांदे भरून येतात. गोड शेवट ऐकायचा असेल तर दुसरीकडे जा. पाकिटावर नाव मात्र माझं छापलंय. नावाआधी 'सौ.' नाही. श्रीमती. ठळक. काही दुकानदार बघून परत करतात. करू देत.

सोमवारी दुसऱ्या बँकेत जाणार आहे, एकटी. जेन्ट्स कुठे विचारलं तर समोरची खुर्ची ओढून बसणार आणि म्हणणार, माझ्याशी बोला. त्यांनी हाकललं तर तिसऱ्या बँकेत. पण अर्जावरचं माझं नाव आता कोणाला खोडू देणार नाही.