मशीनला घातलेलं गाऱ्हाणं

आमच्या माजघराच्या कोपऱ्यात एक जुना कॉम्प्युटर आहे. तो बंद पडून बरीच वर्षं झाली, पण तिथून हलवता येत नाही. मागे घराला रंग दिला तेव्हा रंगाऱ्याने विचारलं, "हे भंगार पडवीत ठेवू काय?" तर सासूबाई म्हणाल्या, "हात लावू नको. त्याच्या भवतीनं रंग काढ." म्हणून त्याच्यामागची भिंत अजून निळी आहे आणि बाकीचं घर पिवळं. पाहुणे विचारतात, हे असं का. घरातले सगळे माझ्याकडे बघतात आणि मी चहा टाकायला उठते.

दोन हजार साल उलटलं होतं तेव्हाची गोष्ट. माझे थोरले दीर परदेशी बोटीवर खलाशी होते. सुट्टीवर येताना त्यांनी मुंबईत उतरून आपल्या मुलीसाठी कॉम्प्युटर घेतला आणि त्याचा टीव्हीसारखा भाग मांडीवर घेऊन रेल्वेने रत्नागिरीला आले. स्टेशनवरून रिक्षातही तो मांडीवरच होता. सासूबाईंनी त्याला ओवाळलं, हळदकुंकू लावलं आणि मशीन असं नाव ठेवलं. दीर परत बोटीवर गेले. माझे यजमानही मासेमारीला गेले की दिवस दिवस दर्यावरच. घरात उरलो बायका: सासूबाई, थोरली जाऊ, तिची अकरावीतली मुलगी आणि मी.

जाऊ मासे विकायला बाजारात बसायची. मलाही लग्नानंतर बसवून बघितलं होतं. गिऱ्हाइकाने "कसा दिला बांगडा?" विचारलं की माझ्या तोंडून भाव बाहेर यायच्या आत ते पुढच्या पाटीपाशी पोचलेलं असायचं. जाऊ म्हणाली, "हिला घरी ठेवा, नायतर हिच्या पाटीतले मासे परत दर्यात जातील." तेव्हापासून मी घरी मासे खारवायचे आणि वाळत घालायचे. ते काम मला आवडायचं. सुकटीशी बोलावं लागत नाही.

पुतणीने मैत्रिणीकडून गेमच्या सीड्या आणल्या होत्या. गाड्यांच्या, गोळीबाराच्या गेमचं मला काही वाटलं नाही. पण एक गेम होता त्यात बोटाच्या पेराएवढा माणूस एका गावात उठायचा आणि चालायला लागायचा. घाई कसलीच नाही. गावात माणसं उभी असायची. त्यांच्यापुढे जाऊन बटण दाबलं की ती बोलायची. पुतणी इंग्रजी वाचून मला मराठीत सांगायची. "काकी, हा म्हणतो, डोंगरापलीकडे जाऊ नको." परत बटण दाबलं की तेच. परत दाबलं की परत तेच. मी म्हटलं, "हा तर आपला पोष्टमन. कधी विचारा, आज काय नाय."

दुपारी मासे पालटून झाले की मी हात धुऊन तिच्यामागे स्टूल घेऊन बसायची. मग एक दिवस तिने मलाच पुढे बसवलं. चौथीत माझी शाळा सुटली आणि इंग्रजी तर पाचवीत सुरू व्हायचं, त्यामुळे अक्षरं मला येत नव्हती. मी ती चित्रं म्हणून लक्षात ठेवली. ज्या शब्दाच्या सुरुवातीला साप वळवळतो तो दाबला की खेळ राखून ठेवला जातो. हा साप फार महत्त्वाचा होता. आमच्याकडे लाईट कधी जाईल सांगता यायचं नाही आणि सापाला विसरलं की तीन गुहा परत पार कराव्या लागायच्या.

सासूबाई देवासमोर वाती वळत बसायच्या, पण कान आणि डोळे इकडेच. गेममधला माणूस कुणाच्याही घरात सरळ शिरायचा, कोपऱ्यातली पेटी उघडायचा आणि आतलं घेऊन चालू पडायचा. घरातली बाई तिथेच उभी. तिला विचारलं तर म्हणायची, आज हवा छान आहे.

"चप्पल काढलीन काय त्यानं?" सासूबाईंनी विचारलं.

"नाय, आजी."

"आणि त्या बाईचं काय चोरलंन?"

"औषध आहे. जखमेवर घ्यायचं."

"मग ती आजारी पडली म्हणजे?" सासूबाईंनी विचारलं. पुढे तो धर्मशाळेत एक झोप काढून सगळ्या जखमा बऱ्या करून उठला, तेव्हा त्या म्हणाल्या, "झोपून माणूस बरा होतो हे तुमचं मशीन सांगतंय. आणि मला मात्र पहाटेला भांडी आपटून उठवता."

त्यानंतर पुतणीला एक अशी सीडी मिळाली की जिच्यात गेम नव्हताच. त्यात गेम बनवायचं सामान होतं. चौकोन चौकोन जोडायचे. हिरवा चौकोन म्हणजे गवत, निळा म्हणजे पाणी. झाडं, घरं, माणसं तयार. माणूस उभा करायचा आणि त्याने काय बोलायचं ते लिहायचं. मला त्या दिवशी जेवण सुचलं नाही.

आम्ही आमची वाडी बनवली. जेटी, चिऱ्याच्या पायऱ्यांची घाटी, खाडी, खाडीवर तरीची होडी, पलीकडे डोंगर. माणसं सगळी गोरी आणि पिवळ्या केसांची होती, त्याला इलाज नव्हता. साडी कुणालाच नव्हती. जाऊला आम्ही चिलखत घातलं, तिला ते शोभलं. सासूबाईंना निळा झगा घालून घाटीच्या वरच्या टोकाला उभं केलं. त्यांच्याशी लढल्याशिवाय पलीकडे जाता येत नसे. सासूबाईंनी ते चित्र बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "ही म्हातारी वाट अडवून का उभी आहे?"

"ती देवी आहे, आजी," पुतणी म्हणाली.

"हां. मला वाटलंच, ओळखीची दिसते."

राक्षस मला नको होते. मी म्हटलं, बाजारातली गिऱ्हाइकं टाकूया. मग आमच्या गेममध्ये लढाई अशी व्हायची: समोर गिऱ्हाईक यायचं आणि "वास येतोय" म्हणून वार करायचं. तुमचा जीव कमी व्हायचा. मग तुम्ही माशाचा कल्ला उचलून आतला ताजा लाल रंग दाखवायचा. त्याचा जीव कमी व्हायचा. त्याचा शेवटचा वार "राहू दे, पुढे बघते" हा, आणि त्यावर तुम्ही "ये गो बाय, तुझ्यासाठी म्हणून देते" असं म्हणायचं. हे सगळं मी पुतणीला सांगितलं आणि तिने लिहिलं. बाजारात जे एकदाही म्हणता आलं नाही ते मी त्या मशीनमध्ये हजारदा म्हटलं. जाऊने एकदा उभ्या उभ्या खेळून बघितलं आणि म्हणाली, "बोलायला येतंय की हिला. मग बाजारात काय दातखीळ बसते?"

वाडी केली म्हणजे देऊळ आलं आणि देऊळ आलं म्हणजे कौल आला. आमच्याकडे मोठं काही करायचं तर गुरव देवाला फुलांच्या कळ्या लावतो आणि प्रश्न विचारतो. उजवी कळी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. ते सगळं आम्ही गेममध्ये केलं. पुतणी म्हणाली, "काकी, नेहमी उजवाच पडेल असं करू काय? सोपं आहे." मी म्हटलं, "मग तो कौल कसला. पडायचा तो पडू दे." तिने तसं केलं. मशीनच्या मनात येईल ती कळी पडायची.

सासूबाईंनी आधी हसून विचारलं, उद्या बांगडा लागेल काय. उजवा पडला आणि दुसऱ्या दिवशी बांगडा लागला. मग त्यांनी आंबोळीचं पीठ आंबेल काय ते विचारलं. मग शेजारणीच्या सुनेला मुलगा होईल काय ते. थोड्या दिवसांत अशी वेळ आली की त्या रोज दुपारी आमच्याआधी स्टुलावर असायच्या. देवळातल्या गुरवाविषयी त्यांच्या मनात जुनी अढी होती. "तो मानकऱ्यांच्या तोंडाकडे बघून कळ्या लावतो," त्या म्हणायच्या. "हा कुणाची भीड ठेवत नाय."

आणि अशातच नाटे गावाहून मामा आले. मामा म्हणजे सासूबाईंचे धाकटे भाऊ. ते मशीन न्यायला आले होते. सासूबाईंनी गणपतीत त्यांना शब्द दिला होता, आमच्याकडे मुली नुसत्या खेळतात, तुझा मुलगा शिकेल तरी. तेव्हा त्यांना कौलाचा नाद नव्हता. आता त्यांची पंचाईत झाली. भावाला नाही म्हणवेना आणि मशीन सोडवेना. पुतणीचा चेहरा उतरला. बारावीनंतर तिला कॉम्प्युटरचंच शिकायचं होतं. आणि मला, खरं लिहायचं तर, माझी वाडी द्यायची नव्हती. खाडीपलीकडचा डोंगर अजून अर्धाच झाला होता.

मामांनी सोबत आणलेली सुतळी काढली. सासूबाई म्हणाल्या, "थांब. कौल घेऊया."

"कुठं, देवळात?"

"इथंच."

मामा बहिणीकडे बघतच राहिले, पण मोठ्या बहिणीपुढे बोलायची त्यांची शामत नव्हती. सगळे मशीनपुढे बसलो. जाऊ बाजारातून नुकतीच आली होती, तीही पाटी उतरवून बसली. सासूबाईंनी हात जोडले. "मशीन नाट्याला द्यायचं असेल तर उजवा दे." पुतणीने बटण दाबलं.

उजवा पडला.

पुतणीने माझ्याकडे असं बघितलं की, सांगितलं होतं ना, सोपं आहे म्हणून. मामा सुतळी सोडायला लागले. सासूबाई पडद्याकडे बघत होत्या, जणू कळी परत वर जाईल.

तेव्हा मी म्हटलं, "गाऱ्हाणं घातलं नाय."

सगळे वळले. मी पाहुण्यांसमोर बोलले याचंच त्यांना जास्त वाटलं असणार.

"काय म्हणतेस गो, धाकटे?"

"आधी गाऱ्हाणं, मग कौल. देवाला सांगितल्याशिवाय विचारलं तर तो कौल धरत नायत."

हे खरंच होतं. मामाही मान हलवून गेले, कारण रीत म्हणजे रीत. "पण घालणार कोण?" ते म्हणाले. "बापये माणसं दर्यावर. मी पडलो पाहुणा, मला तुमच्या वाडीचे देव ठाऊक नायत."

माझे वडील माहेरी सगळ्या गावाच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालायचे. लहानपणी मी देवळाच्या खांबाला टेकून ते इतक्यांदा ऐकलंय की झोपेतून उठवलं तरी म्हणेन. पण बायकांनी गाऱ्हाणं घातलेलं मी कुठे पाहिलं नव्हतं. आणि मी तर भावसुद्धा सांगू न शकणारी. मी पदर डोक्यावर घेतला, डोळे मिटले आणि समोर फक्त आमची चौकोनांची वाडी आहे असं मनात धरलं.

"बा देवा महाराजा, बारा वाडीच्या धन्या..."

आवाज माझाच होता, पण वडिलांसारखा शेवटी वर चढला. आणि तो तसा चढला की कोकणातल्या माणसाच्या तोंडून पुढचं आपोआप येतं. चारही जण म्हणाले, "व्हय महाराजा."

"आज ही तुझी लेकरं तुझ्या पायाशी गोळा झाली हायत..."

"व्हय महाराजा."

"घरातले बापये दर्यावर हायत, त्यांची होडी सुखरूप काठाला लाव..."

"व्हय महाराजा." जाऊचा आवाज जड झाला होता.

"नाट्यावरनं पाहुणा आलाय, त्याच्या घरात सोन्यासारखी बरकत दे..."

"व्हय महाराजा," मामांचा आवाज सगळ्यांत मोठा.

"ही पोर शिकतेय, तिच्या वाटेत जे काय आडवं आलं असेल ते उचलून बाजूला कर..."

"व्हय महाराजा."

"आणि हे मशीन ज्या कोपऱ्यात बसलंय त्याच कोपऱ्यात, ह्याच घरात, कायमचं ठेव रे महाराजा..."

"व्हय महाराजा."

मी डोळे उघडले. मामांचं तोंड अजून उघडंच होतं. जाऊ पदर तोंडात धरून भिंतीकडे वळली होती आणि तिचे खांदे हलत होते.

"आक्का," मामा म्हणाले, "हे काय झालं?"

"तू व्हय म्हणालास," सासूबाई म्हणाल्या.

"तूसुद्धा म्हणालीस."

"मग? देवापुढं दोघांनी शब्द दिला, तो मोडायचा काय?"

"पण कौल तर उजवा..."

"तो गाऱ्हाण्याआधीचा. आता परत कशाला विचारायचं? सांगून झालं की." त्यांनी सुतळी मामांच्या हातातून काढून घेतली आणि त्याच सुतळीने त्यांच्यासाठी सुक्या बोंबलांचं गाठोडं बांधलं. मामा शेवटच्या एसटीने गेले. जाताना उंबऱ्यावर माझ्याकडे बघून म्हणाले, "गरीब गाय म्हणत होते हिला." सासूबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हातचा चहा मागून घेतला. पिऊन झाल्यावर परत अर्धा कप मागितला.

पुतणी कॉम्प्युटरचं शिकली आणि आता पुण्याला नोकरी करते. तिने मला मोबाईलवर गेम घालून दिले होते. मी खेळून बघितले. कुठे जायचं ते बाण दाखवतो, कुणाला विचारावंच लागत नाही. मला ते जमलं नाही. आमची वाडी त्या बंद मशीनच्या पोटात आहे, जुन्या जेटीसकट, पिवळ्या केसांच्या जाऊसकट. दसऱ्याला सासूबाई त्यावर झेंडू वाहतात.

गेल्या महिन्यात पुतणीचा फोन आला. घर दुरुस्त करायचंय, तो कोपरा मोकळा करूया, असं म्हणत होती. सासूबाईंनी फोन कानाला लावून सगळं ऐकून घेतलं.

"आजी, घातलेलं गाऱ्हाणं मागे घेता येत नाय काय?"

"येतं की," सासूबाई म्हणाल्या. "दुसरं गाऱ्हाणं घालायचं. पण घालणार कोण? तुझी काकी त्या दिवसानंतर कुठं बोलली हाय?"

आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी सूप घेतलं आणि सुकट पाखडायला बाहेर गेले.