खिडकीखालची शिष्या

काल बँकेच्या पायऱ्यांशी एक चाकाची खुर्ची थांबलेली दिसली आणि वसुधाताई आठवल्या. माझा गाण्याचा वर्ग तेव्हा दुसऱ्या मजल्यावर होता. त्यांच्या भावाने त्यांची खुर्ची अंगणापर्यंत ढकलत आणली. मी खिडकीतूनच म्हणालो, "जिना अरुंद आहे हो, काय करणार?"

"मग मी इथेच बसते. खिडकी तेवढी उघडी ठेवाल?"

ठेवली. दोन वर्षं त्या दर मंगळवारी खाली बसून शिकल्या. पेटी घेऊन आपणच खाली उतरावं, असं मला एकदाही सुचलं नाही. त्यांचं गाणं मी कधी ऐकलंच नाही.

मग एका मंगळवारी भाऊ एकटाच जिना चढून आला. ताई गेल्या होत्या.

"घरी रोज तुमचा भूप गायची," तो म्हणाला. "फक्त खालचे सूर घ्यायची नाही. म्हणायची, ते अंगणात ऐकू येत नाहीत, म्हणजे ते मला शिकवलेलेच नाहीत."

आता वर्ग तळमजल्यावर आहे. तरी भूप शिकवताना खालच्या सुरांवर आलो की माझा आवाज थांबतो, आणि समोरची मुलं नुसती बघत राहतात.