माती लोटताना म्हणायचं गाणं

तापलेल्या दिव्याचा करपट वास आणि भिंतीवर पडलेला तो पांढराफटक चौकोन! इतक्या वर्षांनीही ते आठवलं की माझं डोकं फिरतं. ऐंशीच्या दशकातलं घाटकोपर. आमच्या मराठी ख्रिस्ती मंडळीची उपासना तेव्हा एका शाळेच्या सभागृहात भरायची. ज्या भिंतीवर इतके दिवस एक साधा लाकडी क्रूस होता, तिथं एका रविवारी प्रोजेक्टरमधून इंग्रजी गाण्याचे शब्द उजळले. क्रूस उतरवून कोपऱ्यात टेकवून ठेवला होता. का, तर त्याच्यावर अक्षरं वाकडी उमटतात म्हणे!

गैरसमज नको करून घेऊस. मला गिटारचं वावडं नाही. तारुण्याला स्वतःचा सूर हवा असतो, हे न कळण्याइतकी जरठ मी तेव्हाही नव्हते. जेमतेम तिशीतली होते. माझा संताप निराळाच होता. आमची जुनी गीतं ओवी-अभंगाच्या अंगानं जाणारी, पेटी-तबल्याच्या साथीनं संथपणे उलगडणारी. नगरकडच्या खेड्यांतून मुंबईला आलेल्या आमच्या आयाबायांना अक्षरओळख नव्हती. म्हणून एकानं आधी ओळ सांगायची आणि मग सगळ्यांनी ती गायची, अशी रीत पडून गेली होती. ओळ सांगायचे दावीदकाका. पेटीचा भाता हलवत, मान किंचित कलती करून ते ओळ अशी सांगत, की ऐकणाऱ्याला ती आपल्याच मनातून उगवल्यासारखी वाटावी. माझ्या आईचं अवघं शुभवर्तमान, तिचं सांत्वन, देवाशी चाललेली तिची भांडणं, सारं या गीतांतच होतं. पुस्तक तिनं कधी उघडलंच नाही, तिला त्याची गरजच काय होती?

आणि गंमत बघ, ही रीत मोडली ती दावीदकाकांच्याच मुलानं. प्रभाकर तरुण संघाचा पुढारी. कॅसेटी ऐकून ऐकून बसवलेली इंग्रजी कोरसं, म्हणजे टाळ्यांवर म्हणायची छोटी भक्तिगीतं, त्यानं उपासनेत आणली. भिंतीवर लिहिलेलं असताना ओळ सांगायची कुणी आणि कशाला? काकांची पेटी कपाटात गेली. पोटच्या पोराशी भर मंडळीत कोण भांडणार? भांडले ती मी. जमाना पुढं चाललाय, इंग्रजी शाळांतली मुलं टिकवायची तर हे करावंच लागेल, असं मला समजावण्यात आलं. मी फारच तणतणले, तेव्हा आमचे धर्मगुरू, पाळकसाहेब, यांनी महिन्यातला एक रविवार जुन्या गीतांना देऊ केला. एक रविवार! म्हणजे माझ्या आईनं देवाशी बोलायचं ते पाळी लावून. उरलेल्या रविवारी ती त्या उजेडासमोर ओठ मिटून, पदर सावरून उभी राहायची आणि मी तिच्या शेजारी आतल्या आत धुमसायची.

आईला मात्र रागाहून मोठी एक काळजी होती. तांदूळ निवडता निवडता तिनं ती मला बोलून दाखवली. मातीत जाताना आपल्या माणसांनी गाऊन पोचवावं, एवढंच तिला हवं होतं. शवपेटी खाली उतरू लागली की गाणं सुरू व्हायचं, ते माती पुरती लोटून होईपर्यंत तुटायचं नाही, ही आमच्यातली जुनी वहिवाट. तेवढं झालं की माणूस एकटं जात नाही, असं ती म्हणायची.

त्याच वर्षी नाताळ उलटल्यावर दावीदकाका गेले. कबरस्थानात प्रभाकर आणि त्याची सगळी दोस्तमंडळी पुढं उभी होती. शवपेटी दोरांवर हलकेच उतरू लागली. रिवाजाप्रमाणे थोरल्या मुलानं गाणं धरायचं. प्रभाकरनं तोंड उघडलं आणि तो तसाच राहिला. त्याच्या मदतीला म्हणून एकानं त्यांचं कोरस सुरू केलं; सवयीनं त्याचे हात टाळीसाठी वर गेले आणि हवेतच थिजले. त्यांच्याजवळ गाणी काय थोडी होती? पण सगळी टाळ्यांची, सगळी उल्हासाची. बापाला माती देताना म्हणावं असं त्यांत एकही नव्हतं! दोरांची करकर तेवढी ऐकू येत होती. मला त्या पोरांना गदागदा हलवावंसं वाटलं. आनंदाला दहा गाणी आणि दुःखाला एकही नाही, ही कसली रे भक्ती?

तेवढ्यात आई गर्दीतून पुढं गेली. तिनं प्रभाकरचं मनगट धरलं आणि ओळ सांगितली. त्यानं ती गायली. तिनं पुढची सांगितली. मग सगळी मंडळी गाऊ लागली, आणि माती भरेपर्यंत गाणं तुटलं नाही. प्रभाकर रडत रडत गात होता, अगदी बापाच्या आवाजात.

परतताना नळावर हात धुताना पाळकसाहेब आईला म्हणाले, तुम्ही होतात म्हणून निभावलं. आईनं पदराला हात पुसले.

"आज मी होते, साहेब. माझ्या वेळी ओळ कोण सांगेल?"

पाळकसाहेब नळ बंद करत राहिले. प्रभाकर हाताच्या अंतरावर उभा होता. त्यानं ऐकलं होतं. त्यानं नुसतं 'मी' म्हणायचा अवकाश, मी त्याचं सगळं तिथल्या तिथं विसरले असते. आईनं त्याच्याकडे एकदा बघितलं. मग तिनं चपला घातल्या आणि म्हणाली, "चल गं, उशीर झाला."