कोबाल्टचं वजन

खामगावच्या शाळेत आम्हाला रसायन शिकवणारे मास्तर पिंपळगाव राजाचे. घरची शेती भावांवर टाकून ते शिकवायला आलेले. वर्गात त्यांनी स्वतः रंगवलेला मूलद्रव्यांचा कापडी तक्ता टांगलेला असे. हलक्यापासून जडापर्यंत, अणुभाराच्या क्रमाने. हा क्रम मास्तरांना फार प्रिय. पण तो काही ठिकाणी मोडे, आणि ते त्यांना सलत राही. गुणधर्मांवरून कोबाल्टची जागा निकेलच्या आधी, आणि भार मात्र त्याचाच किंचित जास्त.

"तक्ता नाही चुकत," ते म्हणत. "वजन करणारा चुकला."

दोन्ही धातूंचे क्षार शाळेत होते. शाळा सुटली की मास्तर ते शुद्ध करत, विरघळवत, सिल्व्हर नायट्रेट घालून साका पाडत, तो वाळवून काचेच्या पेटीतल्या तराजूवर तोलत. वाऱ्याने पारडं हलू नये म्हणून भर वैशाखात खिडक्या बंद. आकडे कधी कोबाल्ट जड सांगत, कधी निकेल. नको तो आकडा आला की क्षार ओला राहिला म्हणून मास्तर पुन्हा सुरू करत. अशी नऊ वर्षं गेली.

मी नागपूरला कॉलेजात गेलो, तेव्हा त्यांनी आपली वही माझ्या हाती दिली. "तुह्या प्रोफेसराले दाखव. म्हणा, वऱ्हाडातल्या एका माणसानं वजन दुरुस्त केलं."

प्रोफेसरांनी चार पानं उलटली. माणूस वाईट नव्हता. "त्यांना सांगा, जुनं वजन बरोबरच आहे," ते म्हणाले. "क्रम वजनावर लागतच नाही. अणूच्या गाभ्यात विद्युतभार किती, त्यावर लागतो. कोबाल्ट सत्तावीस, निकेल अठ्ठावीस."

मला पत्र लिहवेना. दिवाळीच्या सुट्टीत गेलो आणि प्रयोगशाळेत उभ्या उभ्याच सांगितलं. मास्तरांनी सगळं दोनदा ऐकून घेतलं.

"हे कधी कयलं लोकाईले?"

"वीसेक वर्षं झाली, सर."

"म्हंजे मी सुरू केलं त्याच्याही अगोदर."

"हो."

"मंग मले काऊन नाही सांगतलं बे कोणी?"

कोण सांगणार होतं? शाळेतलं पुस्तक त्याहून जुनं होतं. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "तुमची मेहनत वाया नाही गेली, सर."

"गेली," ते म्हणाले. "लहान पोट्ट्यासारखं नको समजावू मले."

दुसऱ्या दिवशी त्यांनी तराजूच्या पेटीची किल्ली हेडमास्तरांकडे दिली. तक्ता तोच शिकवत राहिले, कारण मॅट्रिकला तोच येई. कोबाल्ट आधी का, असं एका मुलाने विचारलं तेव्हा, "आहे तसं पाठ कर," एवढंच म्हणाले, असं माझ्या कानावर आलं. आम्हाला त्यांनी असं उत्तर कधीच दिलं नव्हतं.

नोकरी संपल्यावर ते गावी परतले. मी एकदा भेटायला गेलो, तर कपाशीबद्दल आणि गुडघ्यांबद्दल बोलले. मी कॉलेजचा विषय काढताच उठून गोठ्याकडे गेले. पुढच्या खेपेला त्यांची वहिनी बाहेर आली. म्हणाली, "झोपले हायेत." मी दुपारपर्यंत ओट्यावर बसून राहिलो. आतून त्यांचा खोकला ऐकू येत होता, मधूनच कोणाला तरी पाणी मागितल्याचा आवाजही आला. ते बाहेर आले नाहीत. त्यानंतर मी त्या गावी गेलो नाही.